बास्कोत ऊन, नामिउचीत धुकं

५ जून

कपाटात अंथरुणाला जागा केली, खिडकीचा तुटलेला खटका दोरीने बांधला आणि लगेच नकाशे भिंतीवर लावायला घेतले. जेवायचं राहिलं हे लावून झाल्यावर लक्षात आलं.

नोकरी एका मोसमाची आहे. गेल्या चार वर्षांतले दोन उन्हाळे इथे गारठ्यात गेले, भात पोसलंच नाही. म्हणून नामिउचीच्या पाणीसंघाने यंदा हवामान जाणणारं माणूस पगारावर ठेवायचं ठरवलं. ते माणूस म्हणजे मी. तोक्योतले साहेब निरोपाच्या वेळी म्हणाले, "कुसुनोसे, ऋतूचा अंदाज संगणक देतोच की. तू तिथे जाऊन वेगळं काय सांगणार?" मी म्हटलं, "तेच, पण त्यांना कळेल असं." उत्तर झकास होतं. खरं कारण मात्र निराळं. दहा वर्षं ज्या लाटा मी पडद्यावर पाहिल्या, त्या एकदा कुणाच्या तरी शेतात उतरताना मला बघायच्या आहेत.

संघाची कचेरी सांभाळणाऱ्या नुमादाते सावा-सान यांनी वरची खोली मला दिली आहे. साठीच्या आहेत, जीभ तिखट. माझं नाव विचारलं. चिनात्सु म्हटल्यावर म्हणाल्या, "हजार उन्हाळे! अहो, आम्हाला एक धड मिळाला तरी पुरे आहे."

१२ जून

संघाचे अध्यक्ष ओसानाइ-सान रोज सकाळी येतात. टोपी काढून हातात धरतात आणि देवळात उभं राहावं तसे नकाशापुढे उभे राहतात. चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. इकडची बोली इतकी घट्ट बोलतात, की माझ्यासारख्या दक्षिणेकडच्या मुलीला निम्मं कळत नाही. माझ्याशी बोलताना शहरी भाषेत बोलतात, पण ती परक्या घरच्या चपला घातल्यासारखी जपून.

"हे लाल काय?"

"उंचवटा. तिथे वरची हवा फुगली आहे. खाली ऊन, उकाडा."

"आणि निळं?"

"खळगा."

मी त्यांना सांगितलं, की ढगांच्याही वर, पश्चिमेकडून पूर्वेला एक वारा वाहतो, नदीसारखा. उन्हाळ्यात तो नागमोडी होतो. फ्रान्सवर उंचवटा आला, की त्याच्या पुढे खळगा, पुढे पुन्हा उंचवटा, असं करत ते सैबेरियाच्या पूर्व टोकाला पोचतं. तिथे उंचवटा बसला, की त्याच्या पोटाखाली, ओखोत्स्कच्या गार समुद्रावर, जड थंड हवा साचते. तीच धुकं घेऊन आपल्याकडे येते. यामासे.

यामासे म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. तो पूर्वेचा वारा त्यांना माझ्या जन्माच्या आधीपासून ठाऊक आहे.

"म्हणजे तिकडे फ्रान्सात माणसं घामाघूम झाली की आपण गारठणार?"

"दर खेपेला नाही. पण पुष्कळदा. आठवड्याभराने."

"मग त्यांना कळवा," ते टोपी घालत म्हणाले, "म्हणावं, जरा बेताने तापा."

मी इतकी हसले, की सावा-सान खालून वर बघायला आल्या.

२० जून

आज लिगायाशी बोलणं झालं. सेन्दाइला आम्ही एका प्रयोगशाळेत होतो. आता ती फिलिपिन्सच्या उत्तर टोकाला, बास्कोच्या बेटावर, हवामान केंद्रात असते. आमच्या उन्हाळ्याची दुसरी दोरी तिच्या हातात आहे असं मी तिला नेहमी म्हणते. तिच्या पूर्वेच्या समुद्रावर ढगांचे डोंगर उठले, की तिकडून वर चढलेली हवा उत्तरेला येऊन जपानवर बसते आणि आमच्याकडे कडक ऊन पडतं. तिकडचे ढग विरले, की आमचं ऊनही गेलं. आणि ते ढग साधारण महिन्याच्या फेऱ्याने येतात जातात.

"आत्ता कसं आहे?" मी विचारलं.

"कोरडं ठणठणीत. माशा मारते आहे."

"लिगाया, बाई, ढग पाठव गं!"

"पाठवते की. आधी माझं गळकं छप्पर दुरुस्त करायला माणूस पाठव."

हसलो खरं, पण फोन ठेवल्यावर नकाशापुढे जाऊन उभी राहिले. ती कोरडी, म्हणजे आमची पाळी.

४ जुलै

आला!

पहाटे खिडकीतून पाहिलं तर समोरचं गोदाम नाही. समुद्र नाही, रस्ता नाही. धुकं जमिनीलगत सरपटत दरीत शिरत होतं आणि हात बाहेर काढला तर जानेवारी. मी झोपायच्या कपड्यांवर दोन स्वेटर चढवून बंधाऱ्यापर्यंत धावले. अकरा अंश! जुलैमध्ये! नकाशावर ज्याला मी फिकट निळ्या रंगाने भरते, ते इतकं ओलं असतं, त्याला समुद्री शेवाळाचा वास असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

परत आले तर सावा-सान रॉकेलची शेगडी पेटवत होत्या. माझे केस ओले, गाल लाल. म्हणाल्या, "सहलीला गेला होता का?"

१० जुलै

कालची सभा. सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर मी शेवटापासूनच सुरू करीन.

पेच असा आहे. हिवाळ्यात बर्फ कमी पडलं, त्यामुळे डोंगरातलं तळं निम्मंच भरलं आहे. थंडीवर इथला उपाय एकच, खाचरात खोल पाणी भरायचं. भात पोटरीवर येतं तेव्हा कोवळी लोंबी ताटाच्या आत, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर असते. तेव्हा तिला गारठा लागला, की दाणा भरत नाही, नुसती पळींज हाती येते. पाणी तिचं पांघरूण. पण तळ्यातलं पाणी एकाच भरणीला पुरणार. आत्ता भरायचं की थांबायचं?

हेबिगुची-सान उठले. दरीच्या वरच्या अंगाला त्यांची सर्वांत मोठी जमीन आहे, लवकरचं वाण लावलं आहे, त्यामुळे पोटरीही त्यांच्याकडे सगळ्यांच्या आधी येणार. "थंडी बाहेर उभी आहे," ते म्हणाले. "दार उघडा, दिसेल. सेन्सेइबाईंची थंडी कागदावर आहे. मी दारातल्या थंडीसाठी पाणी मागतोय."

ते मला सेन्सेइ म्हणतात. गुरुजी. ज्या सुरात म्हणतात तो सूर लिहिता येत नाही.

मी सांगितलं, की ही थंडी दोन-तीन दिवसांत मोडेल, कारण फिलिपिन्सकडे ढग उठायला लागले आहेत. आठवडाभर ऊन पडेल. पण वीस तारखेच्या सुमारास ते ढग पुन्हा विरतील आणि तेव्हाची थंडी या थंडीहून वाईट असेल. नेमकं तेव्हा भात पोटरीत असेल. पाणी त्या थंडीसाठी ठेवा.

चेहरे दगडी. तेव्हा मी सावा-सानकडून आधीच जोडून घेतलेल्या दोन चादरी काढल्या. एक टोक त्यांना दिलं, दुसरं थेट हेबिगुची-साननाच. "ओढून धरा. आता एक झटका द्या." त्यांनी दिला. चादरीत उंचवटा उठला, पळत गेला आणि सावा-सानच्या हातांना झटका बसला. त्या ओरडल्या, "हळू! मी काय मासा आहे का!" सगळी सभा हसली. मी म्हटलं, "हेबिगुची-सान फ्रान्स. सावा-सान आपण. कुणी कुणाला शिवलं नाही, पण हात दुखला की नाही?" मागून कुणीतरी ओरडलं, "दुखला, दुखला, भरपाईला फ्रान्सचं भात कापून घ्या!"

मतदानाच्या वेळी पगारी माणसाने बाहेर थांबायचं असा संघाचा नियम आहे. मी बाहेर ओसरीत उभी. आतून ओसानाइ-सानांचा आवाज आला, त्या घट्ट बोलीत, बराच वेळ. मला एक अक्षर कळलं नाही. मग अगदी शांत. इतकं शांत, की मला वाटलं, हरलो. मग दार उघडलं. सगळे हात वर. हेबिगुचींचासुद्धा!

चादरीने काम केलं! दहा वर्षांत एकाही निबंधाने एवढं केलं नव्हतं.

"अध्यक्ष काय म्हणाले शेवटी?" मी सावा-सानना विचारलं.

"काही नाही. पाणीपाळीबद्दल." त्या चादरीची घडी करत होत्या. "चहा घ्या, गार होतोय."

१२ जुलै

धुकं गेलं. ऊन! मी सांगितलं होतं त्यातलं पहिलं खरं ठरलं. लिगायाकडे छप्पर पुन्हा गळतंय. तिला लिहिलं, "तुझ्या बादलीतला एकेक थेंब म्हणजे आमचं ऊन." तिने उलट लिहिलं, "मग ये आणि बादल्या तूच रिकाम्या कर."

१५ जुलै

घाईत लिहितेय, अक्षर वाईट येईल. आज सकाळचा नकाशा: पश्चिम युरोपवर उंचवटा, ताज्या पुरीसारखा टम्म. त्याच्या पुढे खळगा खोल व्हायला लागला आहे. त्याच्याही पुढे ओब नदीवर दुसरा उंचवटा डोकं काढतो आहे. दोऱ्या दोन्ही हलल्या आहेत, पश्चिमेची आणि दक्षिणेची. मी खुर्चीवर उभी राहून भिंतीवरच्या नकाशात टाचण्या खोचल्या. सावा-सान जेवणाचं ताट ठेवून गेल्या, इकडच्या पद्धतीचं, कुरकुरीत बिस्किटं घातलेलं गरम सार होतं. मऊ होऊन त्याचा लगदा झाला, तोही मी उभ्यानेच खाल्ला.

१७ जुलै

आज तळ्याची दारं उघडली. पाण्याची पहिली धार पाटात आली तेव्हा पाचोळा, फेस आणि एक बावरलेला बेडूक सगळ्यांच्या पुढे होता. लोक पाटाच्या कडेने चालत होते, वरातीसारखे.

पाणीपाळी वरून सुरू केली आहे. आधी हेबिगुचींचं लवकरचं भात, मग खाली खाली, शेवटी समुद्राकडची खाचरं. सावा-सान म्हणाल्या, एरवी थंड साली उलट असतं, समुद्राकडून सुरू करतात. पण वरून सुरू करणं मला अगदी शास्त्रशुद्ध वाटतं. ज्याची पोटरी आधी, त्याला पाणी आधी. चादरीनंतर लोक विचार करायला लागले आहेत!

ओसानाइ-सान माझ्याशेजारी उभे होते.

"शेवटपर्यंत पुरेल?" त्यांनी विचारलं.

"मी हिशेब केलाय. नव्वद टक्के शेताला नक्की पुरेल."

"आणि दहा टक्के? ते कुणाचे?"

"ते गणितातले हो. कुणाचेच नाहीत."

ते हसले. मोठ्याने नाही, पण हसले. मग टोपी नीट करून पाटाच्या कडेने खाली चालू लागले. मला त्यांच्याशी बोलायला फार आवडतं. प्रश्न नेमके विचारतात.

१९ जुलै

लिगायाचा फोन. सुरुवातीलाच म्हणाली, "ऐक! आज सगळ्या चादरी वाळल्या! गाद्यासुद्धा उन्हात टाकल्या. समुद्र बघ, आरसा आहे आरसा." फोन फिरवून तिने मला निळंशार आकाश दाखवलं. दोरीवर तिच्या पोरांचे कपडे फडफडत होते.

एवढं सुंदर आणि एवढं भयंकर आकाश मी पाहिलेलं नाही.

"गप्प का झालीस?" तिने विचारलं.

"तुझे कपडे वाळले म्हणून."

२२ जुलै

ऊन. कालही ऊन होतं. परवाही. एकोणतीस अंश. तळ्याचा तळ उघडा पडला आहे, चिखलात बगळे चालतात. सगळं पाणी खाचरांत आहे आणि ढेकळं फुटावीत असं ऊन.

दुकानात गेले तर हेबिगुची-सान बर्फाचा गोळा खात उभे. "या सेन्सेइबाई! थंडी पडली आहे ना, म्हणून जरा उबेला बर्फ खातोय." दुकानदारीण हसली. मीही हसायचा प्रयत्न केला.

नकाशा म्हणतो, येणार. सैबेरियाच्या टोकाला उंचवटा बसतो आहे, पण हळू, फार हळू. वीस म्हटलं होतं. वीस गेली.

२३ जुलै

ऊन. संध्याकाळी खिडकीत बसून स्वतःला विचारलं: थंडी आली नाही तर लोक वाचतील आणि मी खोटी पडेन. आली तर मी खरी ठरेन. मला काय हवं आहे? उत्तर आलं ते इथे लिहीत नाही.

२५ जुलै

आली! काल दुपारी वारा फिरला. आज पहाटे समुद्र, गोदाम, रस्ता सगळं गायब! बारा अंश! मी जिने उतरत कचेरीत धावले आणि ओरडले, "आली! आली! बरोबर आली!"

कचेरीत पाच-सहा माणसं होती. ओल्या टोप्या, खांद्यांवर धुक्याचे थेंब. हेबिगुची-सानही होते. ते टोमणा मारतील असं मला वाटलं, पण त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "नावात हजार उन्हाळे आणि थंडीला असं बोलावता, सेन्सेइ?" या वेळी सेन्सेइ म्हणताना तो सूर नव्हता, आणि तेच जास्त लागलं.

सगळे गेल्यावर सावा-सान म्हणाल्या, "इथे यामासे आला की कुणी ओरडत नाही. मांजरसुद्धा ओरडत नाही."

मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. खरंच.

तरी एक लिहायलाच हवं. वीसपासून पडलेल्या उन्हाने खाचरांतलं खोल पाणी तापलं. आज हात घालून बघितला: हवा बारा, पाणी बावीस! पाणी पाच दिवस आधी भरलं ही माझी चूक, आणि त्या चुकीनेच पाणी ऊबदार झालं. ही माझी हुशारी नाही, हे मला कळतंय. पण कोवळ्या लोंब्या कोमट पाण्याखाली गुपचूप बसल्या आहेत, हे आठवलं की मला पुन्हा नाचावंसं वाटतं. काय करू?

२९ जुलै

पाचवा दिवस धुक्याचा. दुपारी दिवे लावावे लागतात. एकही सिकाडा किडा ओरडत नाही. लोक पहाटे जाऊन खाचरातलं पाणी हाताने चाचपून येतात, जसं तापाच्या मुलाचं कपाळ. वरच्या अंगाला अजून वीस अंश.

ओसानाइ-सान चार दिवस आले नाहीत. सावा-सान म्हणाल्या, खालच्या अंगाला कामात आहेत. वयाला जरा जास्तच दगदग करतात. त्यांना लिगायाच्या बातम्या सांगायच्या आहेत: तिकडे आज गडगडलं.

५ ऑगस्ट

ऊन! किडे! सगळे किडे एकदम, कान किटवणारे. वरच्या खाचरांत भात निसवायला लागलं. हिरव्या पात्यांतून लोंब्या बाहेर डोकावतात आणि त्यांच्यावर पांढरा फुलोरा, पीठ भुरभुरावं तसा. लिगायाकडे वादळ होतं, तिचं छप्पर निम्मं उडालं, पण माणसं ठीक आहेत. तिचा निरोप: "तुझं ऊन पोचलं का?" पोचलं म्हणून लिहिताना या वेळी मला हसू आलं नाही. छप्पर दुरुस्तीला मदत पाठवते म्हटलं तर म्हणाली, "तू येच. तुझ्या चादरीचा खेळ माझ्या पोरांना दाखव."

२४ ऑगस्ट

लोंब्या झुकल्या! भरलेली लोंबी झुकते, रिकामी ताठ उभी राहते. शेजारच्या दरीतल्या संघाने चार जुलैच्या थंडीला घाबरून लगेच पाणी भरून टाकलं होतं. त्यांच्याकडे आज गाडीने जाऊन आलो. शेतंच्या शेतं ताठ, सैनिकांसारखी. आमच्याकडे सगळं वाकलेलं. परतताना गाडीत कुणी उड्या मारल्या नाहीत, मीही नाही. शिकते आहे हळूहळू.

कचेरीत मात्र हेबिगुची-सान माझ्यापुढे काकड्यांची टोपली ठेवून गेले. "जास्त झाल्या होत्या," एवढंच म्हणाले. सावा-सान मागून म्हणाल्या, "त्यांच्याकडे काकड्या लावतच नाहीत. विकत आणल्या असणार."

मला समुद्राकडची खाचरंही बघायची होती. ओसानाइ-सान म्हणाले, "तिकडचा रस्ता वाहून गेलाय. पुढच्या आठवड्यात जाऊ." गेल्या आठवड्यातही हेच म्हणाले होते.

६ सप्टेंबर

आज सायकल घेऊन एकटीच गेले. निबंधासाठी फोटो हवे होते. रस्ता कुठेही वाहून गेलेला नव्हता.

पाट जिथे संपतो तिथे समुद्राच्या भिंतीलगत तीन खाचरं आहेत. त्यांतल्या लोंब्या ताठ उभ्या होत्या. वाऱ्यात सळसळ कोरडी, कागदासारखी. आधी मला आनंदच झाला! वाटलं, हे वेगळं वाण आहे, उशिराचं, अजून भरायचंय. थंडीतून सुटलेलं उशिराचं वाण, काय सुंदर तुलना करता येईल! फोटो काढले.

कचेरीत येऊन सावा-सानना विचारलं, "पाटाच्या शेवटी कुठलं वाण लावलंय?"

त्या लिहीत होत्या, लिहायच्या थांबल्या. "सगळ्यांचं जे आहे तेच."

"कुणाची शेतं ती?"

"तुम्हाला अजून माहीत नाही?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "अध्यक्षांची. पाणी तिथवर पोचलंच नाही."

मग त्यांनी सांगितलं. सभेच्या दिवशी मी ओसरीत उभी होते तेव्हा आत काय झालं ते. चादरीला लोक हसले होते, पण हात वर करायला कुणी तयार नव्हतं. चादर चादर आहे, भात भात आहे. तेव्हा ओसानाइ-सान उठले. सावा-साननी त्यांचे शब्द आधी त्या बोलीत म्हटले, मग मला कळतील असे:

"यंदा पाळी वरून सुरू करू. हेबिगुचीचं लवकरचं भात पहिलं. माझं शेवटी. उरलं तर घेईन. थंडी दाराशी असो की कागदावर, ती येते समुद्रावरून, म्हणजे आधी माझ्या शेतात येते. ही मुलगी चुकली तर पहिला बुडणार मी, आणि बरोबर ठरली तरी पहिला बुडणार मीच. मग तुम्ही कशाला घाबरता?"

त्यावर ती शांतता. त्यावर हात वर.

मी वर खोलीत आले. टाचण्या, नकाशे, सगळं जागच्या जागी होतं. फोटो पुसून टाकले. मग वाटलं, पुसणं हीसुद्धा पळवाटच. आता फोटो नाहीत आणि डोळ्यांपुढून ती ताठ लोंबी हलत नाही.

८ सप्टेंबर

ओसानाइ-सानांकडे गेले. लसणाच्या वेण्या ओसरीत टांगत होते. मी वाकून माफी मागायला लागले, तर म्हणाले, "आधी ती वेणी धरा, नाहीतर सुटेल." धरली. 

"मला सांगायचं होतंत," मी म्हटलं. "मी पाण्याचा हिशेब बदलला असता. थोडं थोडं सगळ्यांना—"

"थोड्या पाण्याने काय होतं? वीतभर उंच लोंबी, चार बोटं पाणी. सगळ्यांचीच गेली असती." गाठ मारून त्यांनी वेणी माझ्या हातातून घेतली. "थंडी येणार हे खरं मानलं, की कुणाचं तरी जाणार हेही खरं मानावं लागतं. कुणाचं, तेवढं आपण ठरवलं. एरवी वारा ठरवतो."

मी रडले. त्यांनी दुसरी वेणी माझ्या हातात दिली. लसूण यंदा फार चांगला आला आहे, गारव्यात तो खूश असतो.

२७ सप्टेंबर

वरची कापणी उरकली. हेबिगुची-साननी यंत्र खाली आणलं होतं, अध्यक्षांच्या शेतासाठी. ओसानाइ-सान म्हणाले, यंत्राला दाणा लागतो, इथे नुसता पेंढा आहे, विळ्यानेच कापतो. तेव्हा हेबिगुची-साननी यंत्र बंद केलं आणि गाडीतून विळा काढला. सावा-सान आल्या. मी आले. मी पहिल्याच पेंढीला विळ्याने स्वतःचा बूट कापला, त्यावर हेबिगुची-सान म्हणाले, "सेन्सेइ, फ्रान्सला जाऊन उभ्या राहा, तिथून कापा." सगळे हसले. ओसानाइ-सान सगळ्यांत जास्त.

पेंढी हलकी असते. हात लावला की कळतं. दुपारपर्यंत आम्ही दोन खाचरं उघडी केली. बांधावर बसून भाताचे गोळे खाल्ले, हेबिगुचींच्या नव्या तांदळाचे. ओसानाइ-साननी एक गोळा खाऊन दुसरा घेतला आणि म्हणाले, "गोड आहे."

माझा एका मोसमाचा करार परवा संपतो. संघाने पुढल्या उन्हाळ्यासाठी विचारलं आहे. मी अट घातली: मतदानाच्या वेळी मी आत बसणार. आणि पाटाच्या टोकाची ती तीन खाचरं हिशेबात पहिली धरणार, मग बाकीचं गणित. सावा-सान म्हणाल्या, "बोली शिकावी लागेल. आत बसून कळणार काय तुम्हाला?" उद्यापासून शिकवणी आहे. फी म्हणून मी त्यांची शेगडी पेटवायची.

जेवण संपत होतं, तेवढ्यात वारा पडला. मग उलट्या बाजूने आला, डोंगराकडून, कोरडा आणि जोराचा. पेंढ्या सरकल्या. इतक्या लवकर? हा हिवाळ्याचा वारा, एवढ्यात यायचा नव्हता. वरच्या हवेत काय झालं असेल? माझ्या मांडीवरचा गोळा तसाच राहिला. मी बळेच विळा उचलला आणि खाली बघून कापायला लागले. आज नाही. आज या शेतात नाही.

"काय आहे?" ओसानाइ-साननी विचारलं.

"काही नाही."

"तुमचे पाय नाचतायत."

मी पाय थांबवले. त्यांनी माझ्या हातातून विळा काढून घेतला.

"जा, नकाशा बघून या," ते म्हणाले. "आणि परत येऊन सांगा. मला सगळं सांगा. कुणाचं जाणार आहे, तेसुद्धा."

मी चिखलाच्या बुटांनी बांधावरून धावत सुटले.